‘खऱ्या जीप’ची दंतकथा आणि धडगावचा घाट

थ्रेड 🧵

(१)
ऑक्टोबर २०२५ मध्ये महिंद्रने तीन दारांच्या थारमध्ये फेरबदल केले. पुढच्या जाळीला गाडीच्या अंगाचाच रंग आला, बंपर दुरंगी झाले, आत मोठा पडदा बसला आणि मागच्या प्रवाशांसाठी थंड हवेची सोय झाली. बदल एवढाच, तरी मोटारप्रेमींमध्ये रणकंदन माजले. कोणाला गाडीचा आत्मा हरवल्यासारखे वाटले, कोणाला मूळ जीपचा अवमान झाल्यासारखे. या भांडणात एक शब्द पुन्हा पुन्हा साक्षीला बोलावला जातो : वारसा. साक्षीदाराची उलटतपासणी मात्र कोणी करीत नाही. ती करणे हा या थ्रेडचा हेतू आहे.

(२)
वारसावाद्यांचा दावा थोडक्यात असा : दुसऱ्या महायुद्धात एक जीप जन्मली, तिला एक चेहरा होता, उभ्या फटींची जाळी, दोन गोल दिवे, सपाट मडगार्ड. तो चेहरा म्हणजे जीपचे सत्त्व. पुढच्या काळात जो जो त्या चेहऱ्याला हात लावील, तो तो इतिहासद्रोही. दावा ऐकायला भारदस्त आहे आणि तरुण इतिहासप्रेमींना तो चटकन पटतो, कारण त्यात मूळ, शुद्धता आणि ऱ्हास ही ओळखीची त्रिसूत्री आहे. अडचण एकच आहे. जीपचा प्रत्यक्ष इतिहास या दाव्याच्या विरोधात उभा आहे.

(३)
१९४० साली अमेरिकी सैन्याला हलके, चारही चाके ओढणारे टेहळणी वाहन हवे होते. १३५ कंपन्यांना आवाहन गेले. बँटम या छोट्या कंपनीने सप्टेंबर १९४० मध्ये पहिला नमुना सैन्याच्या हवाली केला. पण बँटमची उत्पादनक्षमता अपुरी, म्हणून तिची रेखाटने सैन्याने विलीस आणि फोर्ड यांनाही पाहू दिली. पुढे मोठे कंत्राट विलीसला मिळाले आणि त्याच आराखड्यावर फोर्डही गाड्या बनवू लागली. म्हणजे ‘मूळ जीप’ला एक जन्मदाता नाही. एकाची कल्पना, दुसऱ्याचे इंजिन, तिसऱ्याचा पत्रा आणि सैन्याची घाई यांतून ती घडली.

(४)
आता त्या पूज्य जाळीकडे वळावे. विलीसच्या सुरुवातीच्या युद्धकालीन जीपला उभ्या फटींची पत्र्याची जाळी नव्हतीच. लोखंडी पट्ट्या एकमेकींना वेल्ड करून केलेले गजांसारखे तोंड तिला होते. एकाच पत्र्यात ठशाने नऊ फटी पाडण्याची युक्ती फोर्डची. ती स्वस्त होती, वजनाला हलकी होती, कारखान्यात पटापट निघत होती. म्हणून १९४२ मध्ये विलीसनेही ती उचलली. उत्पादन चालू असताना, मधल्या टप्प्यावर, खर्च वाचवण्यासाठी केलेला हा फेरबदल. आजच्या भाषेत फेसलिफ्ट. जीपचा ‘मूळ’ चेहरा हाच मुळात एक फेसलिफ्ट आहे, आणि तोही प्रतिस्पर्ध्याकडून घेतलेला.

(५)
मग नऊच्या सात फटी कशा झाल्या? जीप सातही खंडांत फिरली म्हणून सात, अशी एक गोड कथा सांगितली जाते. खरे कारण गॅरेजमधले आहे. १९४५ मध्ये विलीसने नागरी वापरासाठी सीजे-२ए आणली. सैनिकी गाडीचे छोटे, आत दडवलेले दिवे नागरी रस्त्यांना पुरेसे नव्हते. मोठे दिवे बाहेरच्या बाजूला बसवले, तेव्हा मधली जागा आक्रसली आणि दोन फटी गेल्या. दिव्याला जागा हवी होती, एवढेच. ज्या आकड्यावर आज शपथा घेतल्या जातात, तो आकडा एका व्यवहारी तडजोडीतून शिल्लक राहिलेला आहे.

(६)
१९५३ चा बदल त्याहून मोठा. विलीसच्या नव्या हरिकेन इंजिनात आत घेणाऱ्या झडपा वर गेल्या, ताकद वाढली आणि इंजिन उंच झाले. जुन्या सीजे-३ए गाडीच्या बॉनेटखाली ते मावेना. नवी गाडी रेखाटायला वेळ आणि पैसा लागला असता. म्हणून जुन्याच गाडीचे बॉनेट आणि जाळी उंच करण्यात आली. ही सीजे-३बी. डोके फुगलेली, प्रमाण बिघडलेली अशी ती दिसे. अमेरिकेत लवकरच गोलसर मडगार्डची सीजे-५ आली आणि देखणेपणाचा मान तिच्याकडे गेला. ३बी मात्र तिथेही १९६८ पर्यंत निघत राहिली.

(७)
आणि हीच अवघडलेली ३बी भारताची जीप झाली. २ ऑक्टोबर १९४५ रोजी महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी सुरू केलेल्या कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत माझगावला विलीस जीपची जुळणी सुरू केली. पुढे उंच बॉनेटची ३बी इथे दशकानुदशके बनत राहिली. तहसीलदाराची, फौजदाराची, वनखात्याची, निवडणुकीतल्या भोंग्याची गाडी म्हणून तीन पिढ्यांनी तीच पाहिली. आज भारतातला संग्राहक ‘हाय बॉनेट’ म्हणून जिच्यावर जीव टाकतो, ती गाडी जन्मली तेव्हा एक वेळ मारून नेणारी डागडुजी होती. अमेरिकेची कुरूप बहीण भारताची कुलदेवता ठरली.

(८)
वाद तिथे थांबत नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत रँग्लर आली ती चौकोनी दिवे घेऊन. जुन्या जीपवाल्यांनी आकाशपाताळ एक केले. गोल दिव्यांवाचून जीप नाही, हे जणू धर्मवचन झाले. १९९७ सालच्या मॉडेलमध्ये गोल दिवे परतले आणि निष्ठावंतांनी तो आपला विजय मानला. पण त्याच चौकोनी दिव्यांच्या गाड्यांना आज वेगळा चाहतावर्ग आहे. ऐंशीच्या दशकाची खूण म्हणून त्या हौसेने जतन केल्या जातात. काल ज्याला भ्रष्टाकार म्हटले, त्याला आज काळाचा दस्तऐवज म्हणतात. मधल्या काळात दिवे बदलले नाहीत, पाहणाऱ्यांचे वय बदलले.

(९)
शर्यतीच्या घराण्यातील मोटारीही याच फेऱ्यातून गेल्या आहेत. पोर्शे ९११ ही १९६३ पासून गोल दिव्यांची, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची गाडी. १९९७ मध्ये आलेल्या ९९६ या पिढीने इंजिन पाण्यावर नेले आणि दिव्यांत पिवळे इंडिकेटर मिसळले. चाहत्यांनी त्यांना तव्यावरच्या फुटलेल्या अंड्याची उपमा दिली. २००२ सालच्या मॉडेलसाठी कंपनीने मध्येच दिव्यांचा आकार बदलला. पण नव्वदच्या दशकाच्या आरंभी ही कंपनी आर्थिक गर्तेत होती, आणि स्वस्त बॉक्स्टरशी सुटे भाग वाटून घेतल्याने तिला तरता आले. ज्या दिव्यांची टवाळी झाली, ते त्या काटकसरीचाच भाग होते.

(१०)
या सगळ्या उदाहरणांतून एक क्रम दिसतो. आधी गरज येते : पत्रा वाचवायचा असतो, दिवा मोठा करायचा असतो, इंजिन मावत नसते, तिजोरी रिकामी असते. त्या गरजेपोटी चेहरा बदलतो. मग जुने चाहते विटतात. मग सवय होते. मग त्या बदललेल्या चेहऱ्यासोबत वाढलेली पिढी मोठी होते आणि त्यालाच मूळ रूप ठरवून पुढच्या बदलाविरुद्ध तलवार उपसते. परंपरा म्हणून जे मिरवले जाते, ते पुष्कळदा आपल्या बालपणी रस्त्यावर जे धावत होते त्याचेच नाव असते. आठवणीला दर्जा जरूर आहे. पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे.

(११)
चेहऱ्यालाच सत्त्व मानण्याचे टोक कुठवर जाते, हे रॉक्सरच्या प्रकरणात दिसले. महिंद्रने २०१८ मध्ये अमेरिकेत शेतावर आणि रानावनात चालवण्यासाठी रॉक्सर ही गाडी आणली. जीप नाममुद्रा ज्यांच्याकडे होती त्या फियाट क्रायस्लरने तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली : हा चेहरा आमचा आहे. जून २०२० मध्ये आयोगाने जुन्या रूपातील रॉक्सरवर बंदी घातली. नव्याने घडवलेले रूप वर्षअखेर निर्दोष ठरले. विलीसच्याच परवान्याने माझगावात जीप जोडणाऱ्या कंपनीला जीपसारखे दिसण्याची मनाई झाली. ‘हाच एकमेव खरा चेहरा’ म्हणणारा चाहता नकळत मालकीहक्काच्या वकिलाचे काम करतो.

(१२)
चाहत्यांच्या बाजूनेही बोलायला हवे. फेरबदलाच्या नावाखाली कंपन्या पुष्कळदा रंगरंगोटी करून किंमत वाढवतात, आणि ती चलाखी प्रथम हेच चाहते ओळखतात. मोडीत निघालेल्या जुन्या जीपचे सुटे भाग शोधून त्या धावत्या ठेवणारे हौशी कारागीर नसते, तर या इतिहासाचे निम्मे पुरावे भंगारात गेले असते. २०२० च्या थारची जाळी पसंत नाही म्हणून अनेकांनी स्वतःच्या खर्चाने वेगळी बसवून घेतली; त्यात कोणाचे काही बिघडले नाही. आवडनिवड हा ज्याचा त्याचा अधिकार. आक्षेप आवडीला इतिहासाचा मुखवटा चढवण्याला आहे.

(१३)
त्या मुखवट्याआड काय झाकले जाते, हे पाहायला नंदुरबार जिल्ह्यातील धडगावला जावे लागते. अक्राणी तालुक्याचे हे मुख्य ठिकाण सातपुड्याच्या कुशीत आहे. उत्तरेला नर्मदा, चहूकडे डोंगर, पाड्यापाड्यांत विखुरलेली वस्ती. तालुक्यात नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी, मुख्यतः पावरा आणि भिल्ल. आगगाडी तालुक्यात नाही. तळोद्याकडून यायचे तर चांदसैलीचा घाट, आणि पावसाळ्यात दरड कोसळली की तोही बंद. सप्टेंबर २०२१ मध्ये असा रस्ता अडल्यावर एका माणसाने आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन वाट तुडवली. ती वाटेतच गेली. आजाऱ्याला बांबूच्या झोळीतून नेणे इथे अजून संपलेले नाही.

(१४)
अशा मुलखात जीप ही हौस नसते. आठवडे बाजार, दवाखाना, आश्रमशाळा, आमचूर विकायला नेणे, भोंगऱ्याचा बाजार, मजुरीसाठी गुजरातचा रस्ता धरणे, या सगळ्याला एसटी पुरत नाही आणि पुरत नाही तिथे जीप उभी असते. मोटारप्रेमींच्या वंशावळीत ३बीनंतर थेट थार येते. मधली दशके ज्या गाड्यांनी खानदेशची माणसे वाहिली, ती लांब कमांडर, ती काळी-पिवळी, ती ट्रॅक्स, ती क्रुझर, यांना त्या वंशावळीत ओसरीवरही जागा नाही. त्यांच्या जाळीला किती फटी होत्या, हे कोणी मोजले नाही, कारण त्या कोणाच्या भिंतीवरच्या चित्रात नव्हत्या.

(१५)
आणि खरा मधल्या टप्प्यावरचा फेरबदल तर याच गाड्यांचा झाला. तो कारखान्यात झाला नाही. रस्त्याकडेच्या वेल्डरने केला. टपावर लोखंडी कॅरिअर, मागे शिडी आणि उभे राहायला पायरी, कमानीला एखादा जादा पाटा, बाकांच्या मध्ये आडवी फळी, पावसासाठी ताडपत्री. ज्याला मोटारशास्त्र पुनर्रचना म्हणते, ती इथे भाड्याच्या हिशेबाने आणि चढाच्या अंदाजाने झाली. यातले बरेचसे बेकायदा होते, धोक्याचे होते. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण सैन्याच्या घाईतून झालेली तडजोड वारसा ठरते आणि डोंगरातल्या गरजेतून झालेली तडजोड ‘जुगाड’ म्हणून हसण्यावारी जाते, हा निवाडा कोणत्या इतिहासाचा?

(१६)
एक बारीक गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. २ ऑक्टोबर २०२० रोजी नवी थार आली, तेव्हा काही आवृत्त्यांत मागे समोरासमोरची बाके होती. जुन्या जीपमध्ये, कमांडरमध्ये, डोंगरातल्या प्रत्येक वडापच्या गाडीत असत तशी. थोड्याच काळात त्या आवृत्त्या बंद झाल्या. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच होते. आडव्या बाकावरच्या माणसाला धडकेत आधार नसतो. पण खेड्यातल्या माणसाने जीप आतून ओळखली ती या बाकावरून. जाळीसाठी अश्रू ढाळणाऱ्यांपैकी किती जणांनी या बाकाची साधी नोंद घेतली? ज्यांची जीप बाहेरून पाहण्याची वस्तू आहे, त्यांचा वारसा जाळीवर सुरू होतो आणि जाळीवरच संपतो.

(१७)
आता पुन्हा ऑक्टोबर २०२५. ज्या महिन्यात जाळीच्या रंगावर शब्दांची लढाई पेटली होती, त्याच महिन्यात, दिवाळीत, अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैलीच्या घाटात उलटली आणि अनेकांचा जीव गेला. अस्तंबा हे धडगाव तालुक्यातील शिखर; अश्वत्थाम्याच्या दर्शनाला दरवर्षी हजारो लोक ते चढतात. त्या अपघाताचा थारशी काही संबंध नाही, आणि तो जोडणे अन्यायाचे होईल. संबंध आहे तो लक्ष कुठे जाते याच्याशी. माल वाहण्यासाठी घडवलेल्या गाडीच्या हौद्यात माणसे बसतात, कारण घाट चढणारे, परवडणारे, माणसांसाठी घडवलेले वाहन त्यांच्या वाट्याला पुरेसे येत नाही. या रचनेबद्दल कोणाचा वारसा दुखावत नाही.

(१८)
यावर उत्तर ठरलेले असते : मोटारप्रेमींनी रस्ते बांधायचे नसतात, एसटी चालवायची नसते, त्यांनी आपल्या आवडीविषयी बोलावे. बरोबर आहे. पण मग इतिहासाला मध्ये आणू नये. इतिहासाचे नाव घेतले की त्याची शिस्तही घ्यावी लागते, आणि ती शिस्त विचारते : बदल कोणी केला, कोणासाठी, कोणत्या अडचणीपोटी, आणि त्याची किंमत कोणी मोजली? हे चार प्रश्न १९४२ च्या जाळीला विचारले की फोर्डचा कारखाना दिसतो. १९५३ च्या बॉनेटला विचारले की न मावणारे इंजिन दिसते. कमांडरच्या टपावरच्या कॅरिअरला विचारले की धडगावचा बाजार दिसतो. फटी मोजून यातले काहीच दिसत नाही.

(१९)
म्हणून पुढच्या फेरबदलावर निवाडा देताना तरुण इतिहासप्रेमींनी आपली मोजपट्टी बदलावी. नव्या रूपात आतल्या माणसाला अधिक आधार मिळाला का? चढावर, चिखलात, भरलेल्या वजनासह गाडी पूर्वीपेक्षा बरी चालते का? दुरुस्ती तालुक्याच्या गॅरेजात होईल, की जिल्ह्याच्या ठिकाणी ओढून न्यावी लागेल? किंमत कोणाला बाहेर ठेवते? याची उत्तरे वाईट असतील तर फेरबदलावर जरूर तुटून पडावे. उत्तरे चांगली असतील आणि फक्त जाळी खुपत असेल, तर ती न आवडल्याचे सरळ सांगावे. त्यासाठी विलीसला थडग्यातून उठवण्याची गरज नाही.

(२०)
एक काम मात्र खरोखर बाकी आहे आणि ते तातडीचे आहे. काळी-पिवळ्या भंगारात जात आहेत. त्या चालवणारे, त्यांना कॅरिअर जोडणारे, त्यांच्या टपावरून शाळेला गेलेले लोक आज हयात आहेत, उद्या नसतील. कोणत्या वर्षी कोणत्या पाड्यापर्यंत पहिली गाडी पोहोचली, भाडे काय होते, बाळंतिणीला कोणी पोहोचवले, कोणत्या वळणावर काय घडले, हे पावरी आणि भिलोरीत सांगितले जाईल, मराठीत लिहून घेता येईल. महाराष्ट्रातल्या जीपच्या इतिहासाचे हे प्रकरण अजून कोरे आहे. ज्यांना वारशाची एवढी कळकळ आहे, त्यांनी वही घेऊन धडगावची गाडी धरावी. जागा मिळेल ती बहुधा मागच्या बाकावर.

।। थ्रेड समाप्त ।।